मापात

जर्फच्या मागच्या गल्लीत, टायरवाला आणि बर्फाची गाडी
यांच्यामध्ये जी फट उरली, तिच्यात माझं दुकान.
दोन मशिनं, एक इस्त्री,
आणि एक एसी, जो ऑगस्टात फक्त आवाज करतो.

शारजात एका हॉलमध्ये टिपणीसबाईंनी
आम्हा अकरा धंदेवाल्या बायकांना सांगितलं:
सगळी भिंत मागू नका.
एका वाक्यात सांगा, तुम्ही कोणासाठी.
त्यांनी त्याला इंग्रजी शब्द वापरला होता.
मी तो खेडच्या आमच्या घराच्या भिंतीत शोधला:
कोनाडा.
चिमणीपुरता. चिमणी ठेवली की
दुसरं काही ठेवता येत नाही, अशा मापाचा.

मी लिहिलं:
समाजातील सर्व घटकांसाठी वाजवी दरात दर्जेदार शिवणकाम.
बाई म्हणाल्या, नसीम, हे निवडणुकीचं पत्रक झालं.
मी खोडलं. लिहिलं:
कष्टकऱ्यांच्या सन्मानासाठी.
बाई म्हणाल्या, सन्मानाला कापड किती मीटर लागतं?

घरी आले ती चिडूनच.

रात्री साडेनऊला सायलू आला, निजामाबादचा,
खांद्याला माझ्याएवढा. अंगात कव्हरऑल
दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा.
डावी बाही पिशवीत.
पट्ट्यात गेली, म्हणाला. शिवण कच्ची होती म्हणून
बाही गेली, हात राहिला.
मनगटावर पेन्सिलीनं रेघ मारून आणली होती त्यानं.
इथपर्यंत काप, ताई.

सात दिरहम दिले.
मी घेतले.
गल्ल्यात टाकले तेव्हा नाण्यांचा आवाज
नको तेवढा मोठा झाला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या कंपनीच्या फाटकाशी.
सेफ्टीवाला अर्नेल, हातात चहा, कानाला फोन:
मॅडम, एका वाक्यात सांगा, मी पैसे कशाचे द्यायचे?
पुन्हा एक वाक्य!
जगात कुणालाच दुसऱ्या वाक्याला वेळ नाही की काय.
मी रागात बोलून गेले:
तुम्ही कपडे एकाच मापाचे आणता,
माणसं एकाच मापाची येत नाहीत.
मधला फरक मी कापते.

फोन त्यानं बंद केला.
बेचाळीस नग, म्हणाला. बिल कंपनीच्या नावे.
त्यातला पहिला सायलूचा. त्याचे सात परत केले;
तो घेईना, मग उजव्या बाहीत
पिन लावून ठेवले.

त्याच आठवड्यात ठाकूरभाभी ब्लाउज घेऊन आल्या,
अस्तराचे चार, मुलीच्या साखरपुड्याचे.
मी पत्ता दिला, पलीकडच्या सत्तारमियांचा.
पिशवी उचलताना भाभींनी
बांगड्या जरा जास्तच वाजवल्या.
ते चार ब्लाउज म्हणजे दुकानाचं लाइटबिल.
वाक्य आखूड करताना जे कापलं जातं
त्यालाही भाव असतो, हे बाईंनी सांगितलं नव्हतं.
की सांगितलं होतं, आणि मी तेव्हा समोसा घेत होते?

बोर्ड रंगवायला कुंजुमोन आला.
अक्षराला चार दिरहम. अरबी वर, इंग्रजी खाली.
माझं वाक्य ऐकून त्यानं बोटं मोजली
आणि माझी कीव केली.
एवढ्यात तुम्हाला नवीन मशीन येईल, चेची.
कापत कापत शेवटी उरलं एवढंच:
बाह्या मापात.
मराठी मी खडूनं, कापायच्या फळीवर, माझ्यापुरती.

पण सायलूला अरबी येत नाही, इंग्रजी येत नाही,
मराठी तर नाहीच. त्याच्या खोलीतल्या आठांनाही नाही.
म्हणून बेचाळीस बाह्यांचे कापलेले तुकडे,
कुठे चार बोटं, कुठे वीतभर,
सुतळीत ओवून दारावर लावले.
टायरवाला म्हणाला, नजर लागू नये म्हणून का?
मी म्हटलं, लागावी म्हणून.

टिपणीसबाईंना दाराचा फोटो पाठवला.
उत्तर आलं: छान! पण वाक्य कुठे दिसत नाही.
मी लिहिलं:
फोटो जरा मोठा करून बघा.